पुरात भिजलेली जुनी गाडी डीलरला परत केली: ७४ दिवसांच्या नोंदी

गाडी घरी आली त्या दिवसापासून या नोंदी शाळेच्या एका वहीत लिहीत गेले. त्यातल्या तारखांनी मला पुढे बराच आधार दिला. इथे त्या थोड्या आवरून उतरवल्या आहेत. ज्यांची अशीच गाडी दारात उभी आहे, त्यांनी दिवसांच्या आकड्यांकडे नीट लक्ष द्यावं.

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा. दिवस ०

गाडी घरी आली. सप्टेंबर २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, एकच मालक, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, मीटर ५८,२१४. किंमत ४,४५,००० रुपये. त्यातले १५,००० टोकन २३ तारखेला यूपीआयने दिले, ३,९०,००० काल आरटीजीएसने आणि ४०,००० आज रोख. शिवाय 'आरटीओ खर्च' म्हणून ६,५०० वेगळे, यूपीआयने. यातले दोन लाख पतसंस्थेचे, १२ टक्क्यांनी.

गाडी सासऱ्यांसाठी घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं डायलिसिस असतं. येताना त्यांना इतका थकवा असतो की रिक्षात बसवत नाही.

आज तीन चुका केल्या. त्या तेव्हा कळल्या नाहीत, म्हणून इथेच नोंदवते. ४०,०००ची पावती मागितली नाही. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडीची मालकी बदलण्याचे फॉर्म) कोऱ्या सह्या करून दिल्या. आणि डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात 'गाडी जशी आहे तशी पाहून घेतली' असं छापलं होतं, त्याखाली न वाचता सही केली. बिल मागितलं, तर 'आठवड्यात देतो मॅडम' म्हणाले.

एक गोष्ट मात्र बरोबर झाली. कोल्हापूरला राहणाऱ्या माझ्या दादाने २०१९चा पूर पाहिलाय. त्याने आधीच बजावलं होतं, की कोकण, कोल्हापूर, सांगलीची गाडी असेल तर पाण्यात गेली होती का ते विचार, आणि तोंडी विचारू नकोस. म्हणून २२ मार्चला सेल्समनला व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, 'चिपळूणची गाडी आहे, पुरात गेली नव्हती ना?' त्याचं उत्तर आलं, 'नाही मॅडम १००% गॅरंटी.' या एका ओळीचं मोल पुढे कळलं.

४ एप्रिल, शुक्रवार. दिवस ५

सकाळी डायलिसिसला निघायचं, तर बॅटरी पूर्ण उतरलेली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन चालू केली. डीलरला फोन केला, तर म्हणाले, 'बॅटरी जुनी आहे, नवी टाकून देतो, अर्धे तुमचे.'

६ एप्रिल, रामनवमी. दिवस ७

रात्री दीडच्या सुमाराला गाडीचं सेंट्रल लॉक आपोआप उघडझाक करत होतं. वॉचमनने उठवलं. सकाळी डाव्या मागच्या दाराची काच खाली गेली ती वर येईना. एसी लावला की पहिली पाच मिनिटं ओल्या गोणपाटासारखा वास येतो. डिलिव्हरीच्या वेळी आत तीन सुगंधी डब्या लटकवलेल्या होत्या, त्यांचं कारण आज कळलं.

७ ते १० एप्रिल. दिवस ८ ते ११

डीलरच्या माणसाने गाडी नेली, चौथ्या दिवशी आणून दिली. नवी बॅटरी टाकली आणि माझ्याकडून २,४०० घेतले. काचही वर येत होती. काय केलं ते लिहून द्या म्हटलं, तर 'वायरिंगमध्ये थोडं लूज होतं' एवढंच तोंडी.

ही चौथी चूक, आणि सगळ्यात महाग पडू शकली असती अशी. चार दिवस गेले, गाडी त्यांच्या ताब्यात होती आणि माझ्याकडे त्याचा कागद नव्हता. त्यांनी आत आणखी काही पुसलं असतं, तर मला सिद्ध करता आलं नसतं. दुरुस्तीला द्यायचीच वेळ आली, तर तारीख, मीटरचा आकडा आणि तक्रार लिहिलेली जॉब कार्डासारखी पोच घ्या. पोच देत नसतील, तर किल्ली देऊ नका.

१३ एप्रिल, रविवार. दिवस १४

बॅटरी पुन्हा उतरली, तीही नवी. म्हणजे दोष बॅटरीचा नाही.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी आधी बॅटरीची एक तार काढून मधे मीटर लावला. गाडी बंद, दारं बंद, आणि तरी ३८० मिलिअँपिअर ओढली जात होती. 'ताई, ही पन्नासच्या खाली पाहिजे. आत कुठंतरी ओल धरलीय,' म्हणाले.

मग त्यांनी किल्ली नुसती ऑनवर फिरवली आणि मला डॅशबोर्डवरचे दिवे मोजायला सांगितले. एअरबॅगचा दिवा ऑन केल्यावर लागायलाच हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता. मी दोन आठवडे समजत होते की दिवा नाही म्हणजे सगळं ठीक आहे. एअरबॅगचा कंट्रोल युनिट गिअरच्या खाली, मधल्या बोगद्यावर, अगदी जमिनीलगत असतो. पाणी शिरलं की पहिल्यांदा मरतो तो. कुणीतरी दिवाच बंद करून टाकला होता. मी सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवून नेत होते.

ड्रायव्हरच्या सीटचे चार बोल्ट काढले. बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे सीट याआधी निघालेली. रूळ वरून काळे रंगवलेले, खालून गंजलेले. कार्पेट उचललं तर खालचा फेल्ट दमट, आणि वायरिंगच्या खोबणीत तांबडी बारीक माती, वाळलेली, नखाने निघेल इतकी. डॅशखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. शेवटी मिस्त्रींनी मागचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी टोकापर्यंत ओढायला सांगितला. खालच्या हातभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ होती. रोज वापरताना तेवढा पट्टा बाहेर येतच नाही, म्हणून तो कुणी धुवत नाही.

मी साफसफाई करायला निघाले होते, मिस्त्रींनी थांबवलं. माती तशीच राहू दिली. थोडी कागदाच्या पाकिटात भरून वर तारीख घातली. मीटरसकट सगळ्याचे फोटो आणि सलग व्हिडिओ काढला. मिस्त्रींना १,२०० दिले.

आजपासून गाडी चालवायची नाही, असं ठरवलं. एक तर एअरबॅग नाही. दुसरं, सदोष म्हणून परत करायची आणि रोज वापरायचीही, हे कुणालाच पटणार नाही. आणि विमा अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. धडकलीच तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकला असता. मंगळवारपासून परत रिक्षा.

१५ एप्रिल, मंगळवार. दिवस १६

गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, वापरासाठी नव्हे तर तपासणीसाठी, हे वहीत लिहून. स्कॅनिंगचे ९००. एअरबॅग युनिट संपर्कातच नाही, असा छापील रिपोर्ट मिळाला.

काउंटरवरच्या मुलीला सर्व्हिस हिस्टरी विचारली. नियमित सर्व्हिसिंग मार्च २०२१पर्यंत. त्यानंतर ऑगस्ट २०२१मध्ये एकच नोंद, टो करून आणली, फक्त एस्टिमेट. पुढे काहीच नाही. छापील प्रत मालकाच्या संमतीशिवाय देता येत नाही, म्हणाली. ते बरोबरच आहे.

रात्री कागद पसरून बसले. गाडीसोबत विम्याची चालू पॉलिसी मिळाली होती, सप्टेंबर २०२४ची. त्यात नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) ३५ टक्के. हा आकडा मी आधी पाहिला होता आणि सोडून दिला होता. आज त्याचा हिशेब मांडला. बोनस दरवर्षी ठरलेल्या पायऱ्यांनी चढतो: २०, २५, ३५, ४५, ५०. २०१७पासून एकाच मालकाने एकही दावा केला नसता, तर २०२२मध्येच ५० झाला असता आणि तिथेच राहिला असता. २०२४ला ३५, म्हणजे २०२३ला २५, २०२२ला २० आणि २०२१च्या नूतनीकरणाला शून्य. म्हणजे दावा सप्टेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या वर्षातला. चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते २२ जुलै २०२१ला.

विमा ९० दिवसांपेक्षा जास्त तुटला तरी बोनस शून्य होतो, त्यामुळे एवढ्यावर पुरावा म्हणता येत नाही. पण कुठे शोधायचं ते यातून कळतं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मालकाचं नाव आणि बोनसचा आकडा दोन्ही बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

१६ एप्रिल, बुधवार. दिवस १७

मूळ मालकांना फोन केला. नंबर जुन्या पीयूसीच्या पाकिटावर पेनने लिहिलेला सापडला. फोन करताना भीती होती, की ते ठेवून देतील.

काका निवृत्त पोस्टमन. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, 'ताई, गाडी दारातच होती. पाणी सीटच्या वर आलेलं. विम्याचे पैसे मिळाले ते घेतले, बाहेरून दुरुस्त केली आणि साडेतीन वर्षं चालवली. देताना त्या लोकांना सगळं सांगितलं. म्हणून तर दोन लाख पस्तीस हजारच दिले त्यांनी.'

म्हणजे डीलरला माहीत होतं. इथून माझी तक्रार बदलली. 'गाडीत दोष निघाला' इथून ती 'दोष लपवून विकली' इथे आली. या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

काकांनी हेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं, पुराच्या दुसऱ्या दिवशीच्या दोन फोटोंसकट, आणि सर्व्हिस हिस्टरीसाठी संमतीही दिली. त्यांचं नि माझं काही नातं नाही. हे त्यांनी केलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना एकच विचारायचं होतं, 'गाडी माझ्या नावावरून गेली ना?' मी तपासलं. गेलेली नव्हती.

१९ एप्रिल, शनिवार. दिवस २०

मिस्त्रींचं हस्ताक्षरातलं पत्र डीलर मानणार नाही, हे वकील ताईंनी सांगितलं (सहकारी बाईंच्या नणंद, पहिला सल्ला फुकट दिला). त्यांनी परवानाधारक विमा सर्वेक्षक गाठायला सांगितला. ते सोसायटीत येऊन दोन तास तपासून गेले. चार पानी अहवाल, २२ फोटो, प्रत्येक फोटोवर तारीख. निष्कर्ष: वाहन सीटच्या पातळीच्या वरपर्यंत पाण्यात बुडाले होते, सुरक्षा यंत्रणा निकामी, वायरिंग हार्नेस पूर्ण बदलावा लागेल. फी ३,५००. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे हेच.

२१ एप्रिल, सोमवार. दिवस २२

डीलरला पत्र पाठवलं. यावर तीन संध्याकाळी गेल्या, कारण पहिला मसुदा चुकला होता.

मी लिहिलं होतं, 'गाडी दुरुस्त करून द्यावी अथवा परत घ्यावी.' वकील ताईंनी 'दुरुस्त करून द्यावी अथवा' हे चार शब्द खोडले. पर्याय दिला की निवड समोरचा करतो. तो दुरुस्ती निवडतो, गाडी नेतो, पंधरा दिवस ठेवतो, आणि महिना निघून जातो.

महिन्याचं महत्त्व असं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं, हे त्यात येतं. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. मला बिलच दिलेलं नव्हतं, म्हणजे मुदतही लिहिलेली नव्हती. माझा तिसावा दिवस २९ एप्रिल. पत्र त्याआधी पोचायला हवं होतं. तक्रार नोंदवायला पुढे दोन वर्षं असतात, पण हे ३० दिवस हातात असतील तर ते सोडू नयेत.

दुसरी अडचण नावाची. शोरूमच्या पाटीवरचं नाव वेगळं, आरटीजीएस ज्या खात्यात गेले त्याचं नाव वेगळं. डिलिव्हरी नोटवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि पत्ता दिसतो. पत्र त्या नावाने, त्या पत्त्यावर, आणि दुसरी प्रत शोरूमवर. दोन्ही रजिस्टर एडी. शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअॅप.

पत्रात मागितलं: ४,४५,००० किंमत, ६,५०० आरटीओ खर्च, सर्वेक्षकाची फी. सोबत अहवाल, काकांचं लेखी म्हणणं, सेल्समनचा 'गॅरंटी'चा स्क्रीनशॉट.

२३ एप्रिल. दिवस २४

डीलरच्या आरटीओ एजंटचा फोन आला. 'मॅडम, ट्रान्सफरचं करतोय, आधारचा ओटीपी सांगा.' पत्र पोचल्यावरच ही घाई सुरू झाली. ओटीपी दिला नाही. 'माझ्या कोऱ्या सह्यांचे फॉर्म वापरू नयेत', असं लगेच ईमेलने कळवलं. गाडी एकदा माझ्या नावावर चढली असती, तर परत करणं म्हणजे नव्याने विकणंच झालं असतं, आणि काका माझ्या बाजूने उभे नसते राहिले.

२६ एप्रिल. दिवस २७

शोरूमवरचं पाकीट 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं. वाईट वाटलं. वकील ताई मात्र म्हणाल्या, फोडू नका, तसंच ठेवा. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र नाकारलं, तरी ते पोचलं असंच धरतात. दुसऱ्या पत्त्यावरची पोच सहीसकट आली.

२ मे, शुक्रवार. दिवस ३३

शोरूममध्ये समोरासमोर. मी, माझे यजमान आणि डीलर. दीड तास.

आधी म्हणाले, दुरुस्त करून देतो. मग म्हणाले, दुसरी गाडी घ्या, वर ६० हजार द्या. मग 'जशी आहे तशी'चा कागद पुढे केला. मी विचारलं, 'साहेब, जशी आहे तशी म्हणजे जशी मला दाखवली तशी. पाण्यात गेलेली दाखवली होती का?' त्यावर उत्तर नव्हतं. शेवटी ३,५०,००० आणि तेही तीन हप्त्यांत. रोख ४०,०००बद्दल म्हणाले, असे पैसे आम्ही घेतलेच नाहीत.

इथे माझी पावतीची चूक उघडी पडली. घरी येऊन चॅट उलटे वाचले. २९ मार्चच्या रात्रीचा सेल्समनचा मेसेज सापडला: 'मॅडम उद्या येताना ४० कॅश आणा.' आणि माझं उत्तर, 'हो.' शिवाय बँकेतून त्याच दिवशी काढलेले ४०,०००. पावतीइतकं पक्कं नाही, पण नाही म्हणणंही आता सोपं नाही.

८ मे. दिवस ३९

वकिलांची नोटीस गेली, १५ दिवसांची मुदत. ३,००० रुपये. त्याआधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत तक्रार नोंदवली होती. डीलरने तिथे काहीच उत्तर दिलं नाही, पण तक्रारीचा क्रमांक नोटिशीत घालता आला.

मे महिना, मधले दिवस

वळवाने झोडपून काढलं. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, बॅटरीची तार काढून, झाकण घालून. रोज सकाळी एक फोटो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, कधी हलवणार. सासरे एकदा म्हणाले, 'माझ्यामुळे तुला हा ताप.' त्या दिवशी वहीत दुसरं काही लिहिलेलं नाही.

२६ मे, सोमवार. दिवस ५७

नोटिशीची मुदत २३ला संपली. उत्तर नाही. आज पुण्यात मान्सून आला आणि मी सुट्टीचा दिवसभर ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर बसले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जिथे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वेळ जातो तो कागद लावण्यात. घटनाक्रम, अनुक्रमणिका, पानांना क्रमांक, प्रतिज्ञापत्र, नोटरी (२०० रुपये). वहीत तारखा होत्या, म्हणून घटनाक्रम दोन तासांत झाला. तक्रार तयार करून ठेवली, सादर करायची बाकी.

३० मे, शुक्रवार. दिवस ६१

हे पाऊल सगळ्यात आधी उचलायला हवं होतं. आरटीओत अर्ज दिला.

१ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून ते पोर्टलवर कळवायचं असतं. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. काकांनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. गाडी त्यांच्या नावावर अजून का, हे शोधता शोधता हा नियम सापडला. काकांना २९सीबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. मी अर्जात दोनच गोष्टी विचारल्या: या डीलरकडे प्रमाणपत्र आहे का, आणि या गाडीचा २९सी भरला आहे का. काकांनी चिपळूणहून स्वतःचा वेगळा अर्ज पाठवला. अर्जाच्या शिक्क्याची प्रत डीलरला ईमेलने पाठवली, तयार तक्रारीच्या पहिल्या पानासोबत.

५ जून, गुरुवार. दिवस ६७

डीलरचा स्वतःहून पहिला फोन. 'मॅडम, मिटवून टाकू.' ३,९०,००० म्हणाले, म्हणजे वापराचे आणि रोखीचे वजा. मी मीटर सांगितलं: ५८,६४१. एकूण ४२७ किलोमीटर, त्यातले शेवटचे सर्व्हिस सेंटरचे. सायंकाळपर्यंत ४,१५,०००. दुसऱ्या दिवशी ४,३०,०००.

१५,००० कमी आणि वर आरटीओ खर्च, बॅटरी, फी. घ्यावे की आयोगात जावं, यावर घरी बरंच बोलणं झालं. वकील ताईंनी कौल दिला नाही, फक्त सांगितलं की कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने दिलेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. पतसंस्थेचं व्याज महिना २,००० चालू होतं. मी हो म्हटलं. पूर्ण रक्कम मिळाली असती का, हा विचार अजून येतो. पण सासऱ्यांसाठी गाडी आता हवी होती.

१२ जून, गुरुवार. दिवस ७४

तडजोडपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. (महाराष्ट्रात १००चा आता चालत नाही.) त्यात मी या गोष्टी घालून घेतल्या: एकरकमी बँकेतून, गाडी ताब्यात दिल्याची तारीख, वेळ आणि मीटर, म्हणजे त्यानंतरचं चलन किंवा अपघात माझ्या डोक्यावर नाही, माझ्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० मूळ प्रतीत परत. त्यांनी 'ग्राहकाची कोणतीही तक्रार नव्हती' असं एक वाक्य टाकलं होतं. ते काढायला लावलं. त्याऐवजी 'पैसे मिळाल्यावर तक्रार पुढे नेणार नाही' असं लिहिलं.

डीलर म्हणाले, किल्ली द्या, संध्याकाळपर्यंत पैसे टाकतो. मी म्हटलं, 'मी बसते इथे.' सव्वा दोन तास बसले. ३.४०ला बँकेचा मेसेज आला. मेसेजवर न थांबता अॅपमध्ये शिल्लक पाहिली, मग किल्ली दिली. फॉर्म तिथेच फाडले. निघण्याआधी काचेवरचा फास्टॅग काढला, माझ्या नंबरचा होता, रात्री बंद केला.

हिशेब: डीलरकडे राहिलेले १५,००० + ६,५०० + बॅटरीचे २,४०० = २३,९००. मिस्त्री, स्कॅन, सर्वेक्षक, नोटीस, नोटरी, स्टॅम्प, टपाल-झेरॉक्स ३४० आणि पतसंस्थेचं अडीच महिन्यांचं व्याज ५,०००, मिळून १४,६४०. एकूण ३८,५४० गेले. रिक्षा यात धरलेली नाही. शाळेच्या चार रजा. मे महिन्याची सुट्टी नसती तर रजा दहा झाल्या असत्या.

२७ जून, शुक्रवार

काकांचा फोन. गाडी डीलरच्या ताब्यात असल्याची नोंद अखेर पोर्टलवर झाली. त्यांना चार महिन्यांनी झोप लागेल, म्हणाले. गणपतीला चिपळूणला या, असंही म्हणाले. जाणार आहोत.

१२ जुलै, शनिवार

तीच गाडी विक्रीला लागलेली दिसली. मागच्या बंपरवरचा ओरखडा ओळखीचा. किंमत ४,३५,०००, 'सिंगल ओनर, फुल सर्व्हिस'. सीटकव्हर नवी.

तडजोडपत्रात मी एक अट घालायला विसरले: पुढच्या ग्राहकाला पुराची लेखी माहिती द्यावी. ती तुम्ही घाला. सोमवारी सर्वेक्षकाचा अहवाल आणि जाहिरातीची प्रत जोडून आरटीओत दुसरा अर्ज देणार आहे. एक प्रत १९१५ला. एअरबॅगचा दिवा दुरुस्त केला का, हेच त्यात पहिलं विचारलंय.